दोन वाशांमधलं माप

लिएपायात वारा पाहुण्याच्या आधी पोचतो,
म्हणून इथली छपरं खांदे पाडून उभी.
त्यातल्या एकाला भोक पाडायला
स्काइद्रीतेबाईंनी मला बोलावलं.

"मोठी हवी खिडकी," दारातच म्हणाल्या.
सगळेच म्हणतात.
आकाशाचे पैसे पडत नाहीत, चौकटीचे पडतात.

माळ्यावर पलंग, पलंगावर विस्वाल्डिस.
एकोणतीस वर्षं परक्या जहाजांना
वाट दाखवत बंदरात आणलं यांनी.
आता सुपाचा चमचा तोंडाशी आणायचा
तरी आधी वाऱ्याचा अंदाज घेतात.

टेप लावला. वाशापासून वाशापर्यंत ब्याऐंशी.
चौकट अठ्ठ्याहत्तरची,
दोन्हीकडे बोटभर फट, लोकर ठासायला.
रुंदी ठरली.
ती मी ठरवत नाही, बाईही नाही.

"एक वासा कापला तर?"
घर फिरलं की वासेही फिरतात म्हणे.
सव्वीस वर्षं छपरांवर चढतोय,
फिरलेला वासा अजून पाहिला नाही.
कापलेले पाहिलेत,
आणि तिसऱ्या हिवाळ्यात, ओल्या बर्फाखाली,
पोट सुटलेली छपरं.

मग उंची.
खालची कड किती वर घ्यायची
हे बसलेल्या माणसाच्या डोळ्यांवरून काढतात.
मी विचारायला नको होतं, पण विचारलं,
"हे उठून बसतात का?"

बाईंनी पडदा नसलेल्या भिंतीकडे पाहिलं.
"बसतील."
आणि बुटांसकट त्यांच्या शेजारी आडव्या झाल्या,
एक डोळा मिटून बोट वर धरलं :
"इथून." मी पेन्सिलने रेघ मारली.
"नाही, थोडं खाली."
पुसली. परत मारली.

"समुद्र नको," विस्वाल्डिस म्हणाले,
त्या दिवसातलं त्यांचं पहिलं वाक्य.
"तो पाठ आहे मला. ढग कुठून येतात तेवढं दिसू दे."

काचेचं मी नेहमीसारखं सांगितलं.
बाहेरची भाजून कडक केलेली, गारांसाठी.
आतली दुपदरी, मध्ये पापुद्रा,
तडकली तरी तुकडे धरून ठेवणारी,
कारण खाली माणूस झोपतं.
दोन्हींमध्ये आणखी एक,
आणि तो वायू, जो कुणाला दिसत नाही,
बिलात तेवढा दिसतो.

छप्पर दक्षिणेचं. जूनमध्ये ऊन रात्री दहापर्यंत हटत नाही.
म्हणून उन्हाची काच दाखवली.
बाईंनी तो तुकडा नवऱ्याच्या हातावर धरला.
हात हिरवट दिसला,
पाण्यातून वर काढल्यासारखा.
तुकडा त्यांनी मला परत दिला, पालथा.
"बाहेरून कापडी पडदा लावू," मी म्हणालो.

राहिली आवाजाची.
"ही घेतलीत तर पाऊस ऐकूच येणार नाही."
बाईंचा चेहरा उजळला.
रात्री चारदा दचकतात ते, म्हणाल्या.
उशीवरून आवाज आला,
"मग मला कळायचं कसं?"

कुणी विचारलं नाही, काय कळायचं.
मी वहीत साधी काच लिहिली.
किमतीतला फरक एकशे चाळीस युरो,
त्याबद्दल कुणीच काही बोललं नाही.

ऑक्टोबरात बसवली.
नोव्हेंबरात फोन : खिडकी गळतेय.
शिडी घेऊन गेलो. वरचा पत्रा पाहिला,
कौलं पाहिली, रबर दाबून पाहिलं.
सगळं कोरडं.
पाणी आतून होतं,
काचेच्या खालच्या कडेला, थेंबांची रांग.

एका माणसाच्या श्वासाने एवढं होत नाही.
मी खोलीभर नजर फिरवली.
पलंगाला एक फळी जोडलेली, माझ्यापेक्षा वाईट हाताने.
उश्या दोन.
दुसऱ्या उशीजवळ बाईंचा चष्मा.

"वरची झडप रात्री उघडी ठेवा," मी सांगितलं,
"आणि सकाळी दहा मिनिटं अख्खी खिडकी."
"थंडी येईल ना!"
"येईल."

विस्वाल्डिस वर बघत होते.
"नैर्ऋत्येचा," ते म्हणाले. "तासाभरात पाऊस."
शिडी उचलली. चाळीस मिनिटांतच आला,
आणि मी भिजत गाडीपर्यंत गेलो.